दिवेकर (सातारा)

१

चित्रीकरणात मेलेल्या माणसाने उठण्यापूर्वी हसायचे असते. हा नियम कोणत्याही शास्त्रात सांगितलेला नाही. पण साताऱ्याच्या आसपास ज्या ज्या बंगल्यांत मालिकांची चित्रीकरणे चालतात, तिथे तो निष्ठेने पाळला जातो. मृत्यूचा प्रसंग संपला तरी कॅमेरा लगेच थांबवत नाहीत. चेहऱ्यावरचे कापड बाजूला होते, प्रेत डोळे उघडते, भिंगाकडे पाहून हसते. मग कोणीतरी त्याच्या तोंडात कंदी पेढा घालते आणि त्यानंतरच दिवे मालवले जातात. हसला म्हणजे परतला, एवढीच त्यामागची समजूत.

गोपाळकृष्ण दिवेकर अनेक मालिकांतून मेले होते आणि दर वेळी हसून परतले होते. एका हायस्कुलात आयुष्यभर संस्कृत शिकवून ते निवृत्त झाले, आणि त्याच सुमारास मालिकावाले साताऱ्यात येऊ लागले. सडपातळ बांधा, रुंद कपाळ, स्वच्छ वाणी. असा माणूस कोणाचाही बाप, सासरा किंवा दिवंगत आजोबा सहज होऊ शकत असे.

अडचण होती ती नावाची. सांगलीला दुसरे एक गोपाळकृष्ण दिवेकर होते आणि ते खरोखरच मोठे होते. रंगभूमी आणि चित्रपट यांतून पन्नास वर्षे महाराष्ट्राला हसवणारे ते नट. त्यांचे हसणे आंधळ्यानेही ओळखावे. आधी श्वास आत ओढल्याचा एक हलका आवाज, चहाचा कढत घोट जिभेला पोळावा तसा. मग निःशब्द थांबणे. त्या थांबण्यात सबंध नाट्यगृह श्वास रोखून धरी. आणि मग हसू, पायरी पायरीने वर चढत जाणारे.

मालिकेच्या श्रेयनामावलीत म्हणूनच 'गोपाळकृष्ण दिवेकर (सातारा)' असे लिहिले जाई.

"अहो, पत्त्यासकट नाव फक्त पोस्टमनला लागतं," अनसूयाबाई म्हणत.

त्यावर दिवेकर नाकातल्या नाकात हसत. ते त्यांचे हसणे. चाळीस वर्षांच्या संसारात अनसूयाबाईंना त्याहून मोठे हसू ऐकायला मिळाले नव्हते, आणि त्या टोमणे मारत ते याच हसण्यासाठी.

थोरल्या दिवेकरांशी त्यांची भेट एकदाच झाली, सांगलीला, एका सत्कारसमारंभात. थोरल्यांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले होते. "एका नावाचे दोघे म्हणजे यमदूताची पंचाईत हो! तुम्ही असं करा, वरून हाक आली की ओ देण्याआधी गाव विचारून घ्या." आणि मग तो आत ओढलेला श्वास, ते थांबणे, ते हसू.

२

यशवंतराव इनामदार या पात्राचा मृत्यू देगाव रस्त्यावरच्या एका बंगल्यात, भर दुपारी व्हायचा होता. ऊन आत येऊ नये म्हणून अंगणावर काळे कापड ताणले होते. त्याखाली दिव्यांचा बेताचा उजेड, आणि मध्ये तिरडी.

ती बांधली होती गुंडा आणि शिवतेज या रहिमतपूरकडच्या दोघांनी. नेपथ्याची सुतारकी आणि हमाली दोन्ही तेच करत. दिवेकरांनी तिरडीभोवती एक फेरी मारली आणि मान हलवली.

"पाय दक्षिणेला हवेत."

"आवं मास्तर, तसं केलं तर कॅमेऱ्याला तुमचं त्वांड दिसायचं न्हाई," गुंडा म्हणाला.

"कॅमेरा फिरवता येतो, गुंडा. दक्षिण फिरवता येत नाही."

"मेल्यावर बी वर्ग घेत्यात, गड्या," शिवतेज पुटपुटला. ऐकू जाईल एवढ्याच बेताने.

दिग्दर्शक मुकुल तरुण होता आणि त्याला सारे खरे हवे असे. त्याने कॅमेरा फिरवला. ओठांवर ठेवायला आणलेले तुळशीचे पान प्लॅस्टिकचे निघाले, तेव्हा दिवेकरांनी तेही परत पाठवले. बंगल्याच्या मागल्या वृंदावनातून खरे पान आले. भटजीसुद्धा खरेच आणले होते, वाईचे. दिवेकर तिरडीवर आडवे झाले. पान ओठांवर आले, कापड चेहऱ्यावर आले. कापड पातळ होते; त्यातून दिव्यांचे पिवळे डाग दिसत.

"ॲक्शन," मुकुल म्हणाला.

बायकांचा हुंदका उठला. भटजींनी पळीतले पाणी सोडले, आणि सवयीने, कोणाकडेही न पाहता, हलक्या आवाजात विचारले, "नाव? गोत्र?"

जन्मभर पूजेच्या पाटावर बसून ज्या प्रश्नाचे उत्तर दिले, त्याला आडवा झालेला माणूस तरी दुसरे काय उत्तर देणार? दिवेकरांच्या ओठांवरचे पान हलले.

"गोपाळकृष्ण. काश्यप."

भटजींनी ते घेतले. "काश्यपगोत्रस्य गोपालकृष्णशर्मणः प्रेतस्य..." उच्चार इतके शुद्ध होते की दिवेकरांना कापडाखाली समाधान वाटले. इनामदारांचे नाव यशवंतराव आहे, हे त्यांच्या ध्यानात आले ते मंत्र बराच पुढे गेल्यावर.

"कट!"

आणि त्याच क्षणी जनित्र बंद पडले. पिवळे डाग विझले. कोणीतरी ओरडले, कोणीतरी पळाले. फाटकाबाहेरच्या जनित्राच्या गाडीतून धूर येत असल्याची हाक ऐकू आली आणि सारा जमाव तिकडे धावला.

दिवेकर वाट पाहत पडून राहिले. आता कापड बाजूला होईल. आता "सर, हसा" म्हणून कोणी सांगेल. सहायक दिग्दर्शिका प्रियदर्शनी पेढ्याची पेटी घेऊन येईल. पावले दूर गेली ती परतली नाहीत. अखेर ते स्वतःच उठून बसले. काळ्या कापडाखाली अंगण रिकामे होते. कॅमेऱ्याच्या भिंगावर झाकण बसवलेले होते.

हसायचे राहिले, असे त्यांच्या मनात आले. पण झाकलेल्या भिंगाकडे पाहून हसणे म्हणजे वेडेपणा. त्यांनी ओठांवरचे पान काढले आणि चपला शोधल्या.

३

घरी पोचले तेव्हा दारात शेजारचे आप्पासो उभे होते. लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, छातीने रुंद आणि मनाने हळवे. त्यांच्या हातात झेंडूचा हार होता. दिवेकरांना पाहताच त्यांनी तो पाठीमागे लपवला.

"आवं मास्तर! तुमी जित्तं हाय व्हय!"

"म्हणजे काय?"

"टीवीवर दावत्यात की! ज्येष्ठ नट गोपाळकृष्ण दिवेकर गेले म्हनून. फोटू तुमचा! वैनी दार उघडंनात, मी म्हनलं, झालं, संपलं."

"दार उघडेनात, कारण मी मागे कपडे वाळत घालत होते," आतून अनसूयाबाई म्हणाल्या. त्या संतापल्या होत्या; पण त्यांनी दिवेकरांचे मनगट धरले ते सोडले नाही. "सांगलीचे गेले. आणि या मेल्यांनी फोटो तुमचा लावला. तुमच्या बहिणीचा फोन आला, रडत होत्या. मी त्यांना म्हटलं, आमचे शूटिंगला गेलेत, मरायलाच गेलेत, पण संध्याकाळी येतील."

आप्पासो खो खो हसले. अनसूयाबाईंनाही हसू फुटले. भीती ओसरल्यावर फुटते तसे. त्यांनी सवयीने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिले.

दिवेकरांना हसायचे होते. विनोद कळला होता, तो चांगलाही होता. ओठ ताणले गेले, नाकपुड्या फुलल्या. पण जिथून हसू येते ती जागा सापडेना. घागर विहिरीत सोडावी, दोर हाताला लागावा, आणि पाण्याचा आवाजच येऊ नये, तसे झाले.

"दमलात," अनसूयाबाई म्हणाल्या आणि त्यांनी मनगट सोडले.

वाहिनीने छायाचित्र बदलले, दिलगिरीही व्यक्त केली. जेवताना दिवेकरांना वरणाची चव लागली नाही. जिभेवर तुळस होती, चूळ भरूनही न जाणारी.

४

दुसऱ्या दिवशी ते एस.टी.ने सांगलीला गेले. नामसाधर्म्याचे ऋण, असे त्यांनी अनसूयाबाईंना सांगितले. कऱ्हाड मागे पडले, इस्लामपूर मागे पडले. दुतर्फा ऊस उभा होता. वाटेत चौकाचौकांत श्रद्धांजलीचे फलक लागले होते. दर फलकावर स्वतःचे नाव ठळक अक्षरांत, आणि त्यापुढे कंस नाही. आता कंसाची गरजच उरली नाही, हा विचार त्यांच्या मनात आला आणि तो त्यांना आवडला नाही.

थोरल्या दिवेकरांची मुलगी ऋचाताई बैठकीच्या सतरंजीवर बसली होती. ओळख सांगताच तिने नमस्कार केला.

"बाबा तुमची आठवण काढायचे हो. माझा सातारचा कंस, म्हणायचे."

"शेवटी त्रास झाला का?"

"तीन वर्षं बोलणं नव्हतं. झटका आल्यापासून एक शब्द नाही, हसणं तर नाहीच." तिने पदर सारखा केला. "काल दुपारी मी त्यांना पाणी पाजत होते. एकदम मान वळवली. कोणी काही विचारावं ना, तशी. आणि स्पष्ट म्हणाले, 'काश्यप.' मला वाटलं, बोलायला लागले! मी आईला हाक मारली."

दिवेकर सतरंजीच्या किनारीकडे पाहत राहिले. काश्यप हे काही दुर्मीळ गोत्र नव्हे, असे त्यांनी स्वतःला सांगितले. मृत्यूसमयी जुने संस्कार जागे होतात. याला कारण आहे. प्रत्येक गोष्टीला कारण असते.

"मग?"

"मग त्यांनी तो श्वास घेतला. तुम्हाला ठाऊक आहे ना, हसण्याआधीचा? चहा पोळल्यासारखा. आणि थांबले. आम्ही दोघी वाट बघत उभ्या. आई तर हसायलाच लागली होती, आता हसतील म्हणून." ऋचाताईचा आवाज बारीक झाला. "हसू आलंच नाही. तसेच गेले, काका. अर्ध्यावर."

भिंतीवर थोरल्यांचे हार घातलेले छायाचित्र होते. तोंड किंचित उघडे, भुवया उचललेल्या. ते हसण्याचे छायाचित्र नव्हते. हसण्यापूर्वीच्या थांबण्याचे होते. छायाचित्रकाराने क्षण नेमका पकडला होता.

दिवेकरांनी हात जोडले. पाठ वळवून दाराकडे जाताना ते चार पावले थोडी घाईने चालले.

५

त्यानंतरच्या एका सकाळी ते मंडईतून भाजी घेऊन आले. फाटकाची कडी काढत असतानाच अनसूयाबाई दारात आल्या; आल्या आणि थबकल्या.

"तुम्ही बाहेर कधी गेलात?"

"मघाशीच. मेथी नव्हती, शेपू आणलाय."

"मघाशी?" त्यांनी मागे वळून घराच्या आतल्या बाजूला पाहिले. "आत्ता न्हाणीघरात हसत होतात ना? मी दारावरून हाकही मारली. म्हटलं, एवढं काय झालं हसायला?"

दिवेकरांनी पिशवी खाली ठेवली. ते आत गेले. न्हाणीघराचे दार उघडे होते. बादली पालथी, फरशी कोरडी. आरशावर मात्र वाफ धरली होती. तोंडाच्या उंचीवर, तळहाताएवढी, जवळून कोणी श्वास सोडल्यासारखी. ते पाहत असतानाच ती कडांकडून विरत गेली.

वाहिन्या सध्या थोरल्या दिवेकरांचे जुने चित्रपट दाखवत असणार, हे उघड होते. आप्पासोंच्या घरी दूरचित्रवाणी मोठ्याने लावतात, हेही उघड होते. या दोहोंची सांगड घातली की प्रश्न सुटत होता. ते कुंपणापाशी गेले.

"आप्पासो, टीव्हीचा आवाज जरा कमी ठेवता का?"

आप्पासो पायरीवर वर्तमानपत्राने वारा घेत बसले होते. "कसला टीवी, मास्तर? सकाळपास्नं लाईट कुठं हाय?"

दिवेकर परतले. अनसूयाबाई शेपू निवडायला बसल्या होत्या. त्यांचा चेहरा कसा कोण जाणे, उजळलेला होता.

"एक सांगू? रागवू नका. तुम्ही असे कधी हसला नव्हतात. सगळं आयुष्य नाकातल्या नाकात." त्यांनी एक काडी मोडली. "बरं वाटलं ऐकून."

त्या क्षणी दिवेकरांना प्रथमच खरे भय वाटले. न्हाणीघरात कोण हसले, याचे ते भय नव्हते. घरात त्या हसण्याला जागा होती. ती चाळीस वर्षे रिकामी होती. आणि अनसूयेने आताच तिथे पाट मांडला होता.

त्यांनी प्रियदर्शनीला फोन लावला.

६

"सर, आम्हालाच चुटपुट लागली होती," प्रियदर्शनी म्हणाली. "युनिटमधले सगळे म्हणत होते, दिवेकर सरांचं हसणं घ्यायचं राहिलं. तेराव्याच्या प्रसंगासाठी अंगण तसंच ठेवलंय. उद्या दुपारी या. दोन मिनिटांचं काम."

अनसूयाबाई बरोबर आल्या. त्यांनी मोतीचुराच्या रंगाची ठेवणीतली साडी नेसली होती आणि राजवाड्यापासच्या दुकानातून पेढे आणले होते. पेढा मी भरवणार, असे त्यांनी मुकुलला बजावून सांगितले. दिवेकरांना बरे वाटले. हसले की संपले. नाकातल्या नाकात, आपले स्वतःचे, एवढेसे हसू. तेवढे आणता आले पाहिजे. रात्रभर ते अनसूयेचे टोमणे आठवत पडले होते. पोस्टमनचा टोमणा त्यांनी त्यासाठी निवडून ठेवला होता.

काळ्या कापडाखाली दिवे लागले. तिरडी तशीच होती. ते आडवे झाले. गुंडाने कापड चेहऱ्यापर्यंत ओढले.

"मास्तर, ह्या बारीला पान नगं न्हवं?"

"नको," दिवेकर घाईने म्हणाले.

पिवळे डाग. कापडाचा खळीचा वास. आणि जिभेवर तुळस.

"रोल," प्रियदर्शनी म्हणाली. "या सर. हसत हसत परत या."

दिवेकरांनी अनसूयेचा आवाज मनात आणला. *पत्त्यासकट नाव फक्त पोस्टमनला लागतं.* त्यांनी घागर खाली सोडली. दोर सरसर गेला. पाण्याचा आवाज येईना. त्यांनी कापड दूर करण्यासाठी हात उचलला. उचलला असे त्यांना वाटले. हात अंगाशीच होता.

तेव्हा त्यांना तो ऐकू आला. आत ओढलेला श्वास. अगदी जवळ, त्यांच्याच ओठांच्या जागी.

मग थांबणे.

सबंध अंगण श्वास धरून उभे राहिले. त्या शांततेत दिवेकरांना कळले की आपणही थांबलो आहोत, आणि ते थांबणे आपल्याला सोडता येत नाही.

कापड बाजूला सारल्याचा आवाज आला. कापड मात्र त्यांच्या चेहऱ्यावर तसेच होते.

आणि हसू आले. पायरी पायरीने वर चढत, सबंध, सांगलीला अर्ध्यावर राहिलेले. कोणीतरी टाळ्या पिटल्या. मुकुल ओरडला, "वा सर! हुबेहूब सांगलीचे!" प्रियदर्शनी हसत होती, गुंडा हसत होता; आणि त्या सगळ्यांच्या वर, तरुणपणी लाभले नव्हते इतके मोकळे, अनसूया हसत होती.

"घ्या, तोंड उघडा," ती म्हणाली. "अहो, सगळा एकदम नका खाऊ!"

दिवेकरांनी तोंड उघडण्याचा प्रयत्न केला.

चपला ओढल्याचा आवाज झाला. ती ओढ त्यांच्या ओळखीची होती. डावी चप्पल अंगठ्याशी सैल होती. कापडाच्या विणीतून त्यांना दोन आकृती फाटकाकडे जाताना दिसल्या. एक ती ठेवणीतली साडी. तिच्या हाताशी एक पाठ. शर्ट त्यांचाच, सकाळी अनसूयेने इस्त्री केलेला. फाटकापाशी ती पाठ वळली. चेहरा दिसला नाही. उजेड मागून होता. दिसल्या त्या उचललेल्या भुवया, आणि किंचित उघडे तोंड. त्याने तिरडीच्या दिशेने, मोठ्या माणसाने धाकट्याला करावा तसा, आदबशीर नमस्कार केला.

"कुणाला हो?" अनसूयेने हसत विचारले.

फाटक लागले.

एकेक पिवळा डाग विझत गेला. वायर गुंडाळल्याचे, पेट्या सरकवल्याचे आवाज झाले आणि थांबले. मग दोघांची पावले जवळ आली.

"ही आत ठिवूया. तेराव्याचं झाल्यावर पुना लागंल म्हनत्यात," शिवतेज म्हणाला. बांबू हलले. "आयला. रिकामी हाय न्हवं रं?"

"मास्तर तर गेलं की मगाशीच. आपल्या म्होरनं गेलं."

"मग येवढी जड का लागतीया?"

"बांबू वल्लं असत्याल. उचल."

तिरडी उचलली गेली, डुलली, उंबरा ओलांडून एका अंधाऱ्या, रंगाच्या वासाच्या खोलीत आली. तिथे त्यांनी ती जमिनीवर टेकवली. शिवतेज दाराकडे वळला होता; गुंडाने त्याला थांबवले.

"आरं, आसं न्हवं. फिरीव. पाय दक्षिणंला पायजेत. मास्तरांनी सांगितलंया."